ओट्यावरचा दूतावास

माणसानं नोकरी जगात कुठंही करावी, पेन्शन खायला तो शेवटी गावच्या ओट्यावरच येतो. हिरामण आप्पा तसेच ब्राह्मणपुरीला परत आले. फरक एवढाच की येताना ते आपला दूतावासही बरोबर घेऊन आले. सामान म्हणाल तर दोन ट्रंका, एक इस्त्रीचा कोट आणि जिजी, म्हणजे त्यांची बायको. पण आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओट्यावर जे काही घडायचं, ते राजशिष्टाचाराप्रमाणे घडायचं.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो आणि आप्पांच्या समोरच भाड्यानं राहायचो. त्यामुळे हा सगळा तमाशा मला फुकटात, पुढच्या रांगेत बसून पाहायला मिळाला.

आप्पा नेमके कोण होते, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. निम्मं गाव म्हणायचं राजदूत, उरलेलं म्हणायचं राजदूताचा ड्रायव्हर. विचारलं की आप्पा चष्मा पुसत म्हणायचे, "परराष्ट्र सेवेत होतो." पुढे विचारलं, कुठल्या देशात? तर म्हणायचे, "तीन देशांत." आणि गप्प. त्या तीन देशांची नावं सांगितली तर युद्ध पेटेल, असा त्यांचा चेहरा असायचा. मला एकदा चांगल्या मूडमध्ये एवढं मात्र म्हणाले होते, "गुरुजी, मी राजदूत नव्हतो. मेजवानीला राजदूतांनी कुठं बसायचं, ते मी ठरवायचो." त्यांच्या मते हे पद राजदूतापेक्षा वरचंच होतं.

गावाला त्यांच्याकडून हवं होतं ते वेगळंच. "आप्पा, मन्हा पोरनं अमेरिकानं काम करी द्या ना," म्हणत सरपंचापासून सगळे ओट्यावर यायचे. आप्पा त्यांना शांतपणे समजावायचे की व्हिसा देणं हे त्या देशाचं काम, आपल्या दूतावासाचं नव्हे. बरं, राजदूत वेगळा, वाणिज्यदूत वेगळा. आणि राष्ट्रकुलातल्या देशात गेलात तर राजदूत म्हणायचंच नाही, उच्चायुक्त म्हणायचं. सरपंच तासभर ऐकून घ्यायचा आणि उठताना म्हणायचा, "ते समदं बराबर शे आप्पा, पन मन्हा पोऱ्यानं काय?"

जिजी आतून हे ऐकत असायची. तिनं तिन्ही देशांत भाकरीच थापली होती आणि तिला त्या देशांत काही फरक जाणवला नव्हता. "जगले शानपन शिकाडस," ती भांडी आपटत म्हणायची, "आनि घरमा चहाले दूध शे का नही, ते माहीत नही." आप्पा शहाद्याला गेले की त्यांच्यामागे येणाऱ्यांशी बोलायचा अधिकार जिजीकडे असायचा. राजदूत बाहेरगावी असला की दूतावास चालवणाऱ्याला प्रभारी म्हणतात, म्हणून आप्पा तिला 'प्रभारी' म्हणायचे. जिजी त्यांना काय म्हणायची, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आप्पांची खरी मुत्सद्देगिरी मी पाहिली ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. त्यांचे थोरले भाऊ फकिरा दादा एका पॅनलचे खंदे समर्थक. दादांचा मुलगा भिका यानं मत टाकलं दुसऱ्या पॅनलला. टाकलं तर टाकलं, पण त्या शहाण्यानं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तसं जाहीरही केलं. दादा काठी घेऊन मागे, भिका पुढे, अशी वरात भर दुपारी आमच्या गल्लीत शिरली आणि भिका सरळ आप्पांच्या घरात घुसला.

आप्पा उठून दारात उभे राहिले. "दादा, थांबा. उंबराना आत येता येवाव नही."

"काबरं? बापजादानं घर शे. हाई जमीन मन्हीबी शे!"

"जमीन तुमनीच ऱ्हावू द्या," आप्पा म्हणाले. "पन आत पाय ठेवाले मन्ही परवानगी लागस."

हे त्यांनी मला नंतर नीट समजावलं. लोकांना वाटतं दूतावास म्हणजे परक्या देशाची जमीन. तसं नसतं. जमीन ज्या देशात आहे त्याचीच असते, पण राजदूताच्या संमतीशिवाय तिथं पोलीससुद्धा शिरत नाहीत. दादांना एवढं सगळं समजलं नसावं, पण धाकटा भाऊ वेडा झालाय एवढं समजलं आणि ते काठी टेकत निघून गेले.

भिका मग दूतावासाच्या आश्रयाला राहिला. एकेक दिवस करत निवडणुकीचा निकाल लागून गुलाल वाळला, तरी तो हलेना. दोन्ही वेळ जेवायचा, ओट्यावर मोबाईल बघत लोळायचा आणि 'मी राजकीय आश्रित आहे' असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. शेवटी एका सकाळी त्यानं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा चाटूनपुसून साफ केला. जिजी बाहेर आली आणि तिनं त्याची पिशवी रस्त्यावर ठेवली.

"आते तू जाय."

"काकी, मी काय करं?"

"काही नही करं. जाय."

मी आप्पांकडे पाहिलं. मला वाटलं, आता आश्रयाच्या हक्कावर व्याख्यान होणार. पण आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "तिला अधिकार आहे. यजमानाला एखादा परदेशी मुत्सद्दी नको असला, तर परत जा म्हणता येतं. कारण द्यावं लागत नाही." भिका कारणाशिवाय घरी गेला. दादांनी त्याला मारलं नाही. त्यांचा राग तोवर सरपंचपदाच्या आरक्षणाकडे वळला होता.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. आप्पांच्या मुलीच्या लग्नात मात्र ते अंगाशी आलं.

सुनंदा त्यांची एकुलती एक, तोवर शिक्षणासाठी शहाद्याला राहणारी. तापीपलीकडच्या केळी-कापसाच्या, खाऊनपिऊन सुखी अशा घरात दिली. आमच्याकडच्या लग्नात खरी लढाई असते ती मांडवातल्या पहिल्या रांगेची. तिथं सोफे असतात आणि त्यावर तालुक्याचे पुढारी, त्यांच्या मागे जिल्ह्याचे होऊ घातलेले पुढारी, त्यांच्या मागे मानकरी, आणि सगळ्यांत मागे ज्यांचं लग्नाशी खरं नातं असतं ते नातेवाईक. आप्पांना ही अनागोंदी सहन होईना. त्यांनी नियम केला: राजदूतांमध्ये देशाच्या आकारावरून मान ठरत नाही. ज्यानं आपलं अधिकारपत्र राष्ट्रप्रमुखांना आधी दिलं, तो आधी. चिमूटभर देशाचा राजदूत जुना असेल, तर महासत्तेच्या राजदूताच्या पुढे बसतो. तेव्हा मांडवातही जो आधी आला, तो पुढे बसेल.

भिकाला दारात उभं केलं होतं. तो येईल त्याला क्रमानं बसवत गेला. पहिल्या सोफ्यावर बसला पहाटेपासून आलेला आचाऱ्याचा सासरा. त्याच्या शेजारी दोन म्हाताऱ्या, ज्या कोणाच्या होत्या ते अजून कळलेलं नाही. पुढारी नेहमीप्रमाणे मुहूर्त टळल्यावर आले आणि बँडवाल्यांजवळ बसले. हा प्रसंग गावानं आनंदानं पचवला. पण वऱ्हाडाची एक गाडी वाटेत बंद पडली होती. त्यात नवरदेवाचे थोरले काका होते, दौलत दादा. त्या घरचा सगळा कारभार त्यांच्या हातात. ते आले तेव्हा शेवटची रांग उरली होती. भिकानं नियमाप्रमाणे त्यांना तिथं बसवलं.

मांडवात कुजबुज सुरू झाली. वरपक्षाचा कर्ता माणूस शेवटच्या रांगेत! पाठवणीच्या वेळी दौलत दादा दिसलेच नाहीत. कोणी म्हणालं रुसले, कोणी म्हणालं जेवलेसुद्धा नाहीत. आप्पांच्या कानावर हे आलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "नियम म्हणजे नियम." पण त्या संध्याकाळी त्यांनी कोट काढला नाही, तसेच ओट्यावर बसून राहिले.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी आली नाही, तर सण झाला असं कोणी म्हणत नाही. लिंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, आणि त्याआधी माहेरचा माणूस मुराळी होऊन लेकीला आणायला तिच्या सासरी जातो. बहुधा भाऊ जातो. सुनंदाला भाऊ नव्हता.

पहिल्या आखाजीला आप्पांनी मुराळी पाठवायच्या आधी सासरी फोन केला. का, तर कोणत्याही देशात राजदूत पाठवायचा असेल, तर अमुक माणूस चालेल का, असं आधी गुपचूप विचारावं लागतं. "आम्ही भिकाजीला पाठवू इच्छितो," आप्पा खुर्चीत ताठ बसून फोनवर म्हणाले. "आपली हरकत नसावी." पलीकडून दौलत दादा म्हणाले, "बरं. सांगतस." आणि नंतर त्यांच्याकडून काही आलं नाही.

"परत लावा ना फोन," जिजी म्हणाली.

"नाही," आप्पा म्हणाले. "नकार कोणी तोंडानं देत नाही. गप्प राहतात. गप्प राहिले म्हणजे समजून घ्यायचं."

त्या वर्षी सुनंदा आली नाही. झोक्यावर शेजारच्या मुली बसल्या. जिजीनं त्यांना सांजोऱ्या दिल्या आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या आखाजीला भिकाला न विचारताच पाठवला, पण सूचना देऊन: तुझ्या बरोबरीच्या माणसानं नव्हे, तर घरच्या कर्त्यानं स्वागत करेपर्यंत काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा. दौलत दादा केळीला पाणी भरायला गेलेले. सुनंदाच्या सासूनं तांब्या पुढे केला. भिकानं हात जोडून नाही म्हटलं. मग बांधावर जाऊन दौलत दादांना भेटला, उभ्या उभ्या चार शब्द बोलला आणि एकटाच परत आला. आमच्याकडे सोयऱ्याच्या घरचं पाणी नाकारणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भिकालाही ठाऊक होतं. पण त्याला वाटलं, आप्पांना जास्त ठाऊक असेल.

त्यानंतर आप्पांनी संबंधांची पातळी कमी केली. दिवाळीला ते बोलले नाहीत, संक्रांतीला बोलले नाहीत. प्रभारी म्हणून फक्त जिजी फोन करायची. एकदा फोन ठेवून ती म्हणाली, "पोर इचारस, आप्पा काबरं येतस नही?"

आप्पांनी मला साक्षीला धरून उत्तर दिलं. "गुरुजी, तुम्हीच सांगा. खालच्या अधिकाऱ्यांचं सगळं ठरल्याशिवाय राष्ट्रप्रमुख कधी जातो का? शिखर भेट शेवटी असते. आधीच गेलो आणि बोलणी फिसकटली, तर पुढे बोलायला उरतं काय?"

मला त्या क्षणी आप्पांचा भयंकर राग आला. जगात इतके देश एकमेकांवर तोफा रोखून बसलेत, आणि त्यांचं सगळं शहाणपण वापरून या माणसानं तापीचा एक पूल ओलांडायचं टाळलं होतं. तिसरी आखाजीही तशीच गेली.

चौथ्या आखाजीच्या आधी भिका नेहमीप्रमाणे दोर घेऊन लिंबाखाली आला. जिजी ओट्यावर गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"झोका नको बांधू रे."

"काबरं काकी?"

"कोनासाठे?"

एवढंच. भिका दोर घेऊन परत गेला. आप्पा खुर्चीत होते. त्यांना ऐकू आलं, हे मला समोरून दिसलं. चष्मा काढला, पण पुसला नाही. संध्याकाळपर्यंत माणूस त्या खुर्चीतून हलला नाही. एक जण पासपोर्टबद्दल विचारायला आला होता, त्याला त्यांनी हातानंच जा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. कोट नाही, धोतर, सदरा, टोपी. "गुरुजी, गाडी काढतस का?"

माझी जुनी गाडी प्रकाशा गावाजवळच्या पुलावर चढली. खाली तापीचं पाणी उन्हात चमकत होतं. आप्पा म्हणाले, "गुरुजी, तठे गयावर पहिलं काय बोलतस?"

सगळ्या जगाला कुठं बसायचं ते सांगणारा माणूस मला हे विचारत होता. मी म्हटलं, "आप्पा, राम राम म्हणा."

दौलत दादा अंगणात पत्र्याच्या सावलीत खाटेवर बसले होते. आम्हाला पाहून ते उठायला लागले, तोवर आप्पाच पुढे झाले.

"राम राम दादा."

"राम राम! बठा, बठा. आज सूर्य कोठे उगना?"

"मी बठाले नही उनू," आप्पा म्हणाले. "पोरले लेवाले उनू. लगीनमा तुम्हले मांगे बठाडं, ती मन्ही चूक व्हती. माले माफ करा, पन पोरले धाडा."

दौलत दादांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते खरंच आठवत होते. "मांगे? हां, मांगे बठनू व्हतू. भलता मोठा पंखा व्हता मांगे. गाडीना धक्का खाईसन इतला थकेल व्हतू, तठेच झोपी गयू. पोरनी पाठवनीबी नही दखी मी."

आप्पा बघतच राहिले. "मंग तुम्ही रुसनात नही?"

"कोन रुसनं?"

"पोरले काबरं नही धाडी मंग?"

"कोनासंगे धाडू?" आता दौलत दादांचा आवाज चढला. "पहिला साल फोन उना, हरकत शे का? लेक बापना घर जास, त्याले कसानी हरकत? मी म्हनं, दिन दखीसन सांगतस. मंग वावरना कामेसमा ऱ्हाई गयं. मी म्हनं, बाप शे, लेवाले ईच. दुसरा साल पुतन्या उना, घरमा पानी नही पिना, बांधवर उभा ऱ्हाईसन चालना गया. तिसरा साल तेबी नही. आम्ही समजनूत, मोठा मानूस, देशेदेशे फिरेल. पोर दी टाकी, आते त्याले गरज नही."

आप्पांनी टोपी काढली आणि हातात धरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही येत होतं. मी गोठ्यातल्या बैलांकडे बघत राहिलो.

सुनंदा दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या खांद्यावर पिशवी होती. एवढ्यात भरली कधी, असं मला वाटलं. तिची सासू तिच्या मागून व्याह्यांना म्हणाली, "दरसाल आखाजीले भरी ठेवस याही. सन व्हई गया की परत खाली करस."

आप्पांनी पुढे होऊन ती पिशवी तिच्या खांद्यावरून काढून घेतली. मग सासूबाईंनी आम्हाला पाणी दिलं, जेवू घातलं, सुनंदाच्या ओटीत नारळ घातला. दौलत दादा गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "याही, मुक्कामले या. खुर्ची कोठेबी टाका, आम्हले चालस."

मी म्हटलं, पिशवी डिकीत ठेवतो. आप्पा नको म्हणाले. ती मांडीवर घेऊन ते मागे लेकीशेजारी बसले. केळीच्या बागा मागे पडत होत्या, उसाचा रिकामा ट्रॅक्टर समोरून गेला.

"आप्पा," सुनंदा म्हणाली, "इतला दिन काबरं नही उनात?"

प्रत्येक गोष्टीला ज्यांच्याकडे कलम होतं, त्यांनी मांडीवरच्या पिशवीचा बंद सरळ केला. "माले वाटं," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही बलावशात."

"बापले कोन बलावस आप्पा?"

आप्पा खिडकीबाहेर पाहत बसले. पूल आला, गेला, तरी त्यांनी मान वळवली नाही.

गावाच्या पारापाशी त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. घर अजून लांब होतं, ऊन मरणाचं होतं, मी दारापर्यंत सोडतो म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. पिशवी खांद्यावर टाकून ते चालायला लागले. सुनंदा पदर डोक्यावर ओढून त्यांच्या मागे, आणि तिच्या मागे हळूहळू माझी गाडी. ओट्याओट्यावरून बाया विचारत होत्या, "वं माय, सुनंदी उनी! मुराळी कोन गयथा?" आणि आप्पा प्रत्येक ओट्यापाशी थांबून, विचारणारी कोण, तिचा मान किती, काही न पाहता सांगत होते, "मी. मी गयथू."

त्या जूनमध्ये माझी डोंगरातल्या धडगावला बदली झाली. पुढच्या पावसाळ्यात आप्पा गेल्याचा भिकाचा फोन आला तेव्हा घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता, मला पोचता आलं नाही. त्यामुळे आप्पा म्हटलं की मला आठवतात ते तिथंच, भर दुपारी, पाठमोरे, एका खांद्यानं वाकलेले. गल्लीच्या टोकाला जिजी पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी होती, आणि आप्पा चक्क पळायला लागले होते.